खण न सापडलेल्या तबकड्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्यांचं चीज व्हायला हवं होतं पण झालं नाही असे अल्बम कोणते, आणि ते मागे का पडले? नुसती नावं नकोत, ऐकताना नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं तेही सांगा, असं तुम्ही म्हटलंय. तेव्हा उत्तर लांबणार आहे.

मी जुन्या रेकॉर्डी धुऊन, वाजवून त्यांचं डिजिटल रूपांतर करण्याचं काम बरीच वर्षं करतो. लोक आजोबांच्या कपाटातले गठ्ठे आणून देतात. वाजवण्याआधी मी तबकडी दिव्याखाली तिरकी धरतो, कारण कुठलं गाणं किती वाजलंय हे तिथेच दिसतं. फार वाजलेल्या गाण्याचा पट्टा राखाडी पडलेला असतो, खाचा झिजून चमक गेलेली असते. शेजारचा पट्टा मात्र काळाभोर, नव्यासारखा. एकाच बाजूवर हे दोन्ही शेजारीशेजारी दिसतात. काही तबकड्या तर दोन्ही बाजूंनी कोऱ्याच येतात. हौसेने घेतलेली, एकदा लावलेली आणि परत कव्हरात गेलेली रेकॉर्ड.

या कोऱ्या रेकॉर्डी ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. त्यांचा दर्जा कमी होता म्हणून त्या मागे पडल्या, असं क्वचित असतं. बहुतेक वेळा त्यांना दुकानात खण नव्हता. शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत-भक्तिगीत, गझल, सिनेमा हे खण पक्के होते. गिऱ्हाईक आपल्या खणापाशी जायचं आणि तिथलीच रेकॉर्ड उचलायचं. दोन खणांच्या मधे पडलेली रेकॉर्ड कुणाच्याच हाताला लागायची नाही. लागली तरी घरी नेऊन ऐकणाऱ्याला ती 'आपली' वाटायची नाही.

पहिलं उदाहरण लता मंगेशकर आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या गालिबच्या एलपीचं, म्हणजे बऱ्याच गाण्यांच्या मोठ्या तबकडीचं. साल 1969. गालिब 15 फेब्रुवारी 1869 रोजी गेले, त्याला तेव्हा शंभर वर्षं झाली होती आणि सगळीकडे शताब्दी साजरी होत होती. लताबाई कीर्तीच्या शिखरावर होत्या, हृदयनाथ बत्तीसच्या आसपास. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे शागीर्द. एवढं सगळं जुळून आलेलं असताना ही रेकॉर्ड आजही अनेक लताभक्तांच्या यादीत नसते.

का, ते खणाच्या हिशेबाने पाहा. लताबाईंचा श्रोता सिनेमाच्या गाण्यावर वाढलेला. त्याला मुखडा पटकन पकडता यायला हवा, दोन कडव्यांत गाणं पुरं व्हायला हवं. इथे गालिबची उर्दू आणि चालीही सोप्या नाहीत. उलट गझलेचा खरा शौकीन बेगम अख्तर आणि मेहदी हसन यांच्याकडे जाणारा. 'सिनेमातली बाई' गालिब गाते म्हटल्यावर तो फिरकायचा नाही. शास्त्रीयवाल्यांच्या दृष्टीने हे सुगम. झालं, तिन्ही दारं बंद. पुढे 1988 साली दूरदर्शनवर गालिबवरची मालिका आली, जगजीत सिंग आणि चित्रा सिंग यांच्या आवाजात तेच शब्द घरोघरी पोचले, आणि लोकांच्या मनात गालिब म्हणजे तो आवाज हे कायमचं ठरून गेलं. जगजीतजींचं काम मोठंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याआधी एकोणीस वर्षं दोन मराठी भावंडांनी हाच डोंगर वेगळ्या वाटेने चढून दाखवला होता, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

ऐकताना 'हर एक बात पे कहते हो तुम के तू क्या है' पासून सुरुवात करा. संगीतकाराची अडचण काय आहे ती आधी समजून घ्या. या गझलेचा रदीफ 'क्या है'. प्रत्येक शेराच्या शेवटी तेच दोन शब्द. एका शेरात ते टोमणा आहेत, दुसऱ्यात खरोखरचा प्रश्न, 'रगों में दौड़ते फिरने के हम नहीं क़ायल' या शेरात जवळजवळ आव्हान. चाल एकच ठेवायची आणि अर्थ दर वेळी वेगळा पोचवायचा, तर सगळा भार गाणाऱ्यावर येतो. लताबाई आवाज मोठा करून ते करत नाहीत. शब्द किती लांबवायचा, कुठे सोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, एवढ्यावर त्या ते निभावतात. सिनेमाच्या तीन मिनिटांत हे करायला त्यांना जागाच मिळायची नाही. मग 'दर्द मिन्नतकशे दवा न हुआ' लावा. मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, असा की माझ्या दुखण्याने औषधाचे उपकार घेतले नाहीत. मी बरा झालो नाही, हे काही वाईट झालं नाही. यात रड नाही, ताठा आहे. तो ताठा सुरात आणणं रडण्यापेक्षा फार अवघड.

एक सूचना. ही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकताना गझलेचा अर्थ आधी वाचून घ्या. न वाचता ऐकलीत तर हृदयनाथांनी अमुक शब्दावर सूर का वळवला हे कळणार नाही आणि चाल उगीच अवघड केलीय असं वाटेल. त्यांच्या चालींबद्दल ही तक्रार मराठीतही ऐकू येते. मला ती कधीच पटली नाही.

आता त्याच्या अगदी उलट टोकाची रेकॉर्ड. 'रागा जॅझ स्टाइल', 1968. शंकर-जयकिशन यांच्या नावावर निघालेली, पण यात एकही गाणं नाही, एकही शब्द नाही. अकरा राग, प्रत्येक काही मिनिटांचा. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, शिवाय तबला, बास, गिटार आणि बासरी. ही नावं मुद्दाम देतोय. मुंबईच्या सिनेसंगीताचा वाद्यवृंद ज्या गोमंतकीय वादकांच्या खांद्यावर उभा होता, ते वादक एरवी पडद्यामागे असायचे. शंकर-जयकिशन यांचे अ‍ॅरेंजर सेबॅस्टियन डिसूझाही गोव्याचेच. दिवसा स्टुडिओत सिनेमासाठी वाजवायचं आणि रात्री हॉटेलांत जॅझ, असं मुंबईतल्या कितीतरी गोमंतकीय वादकांचं आयुष्य होतं. या रेकॉर्डीत ही दोन्ही आयुष्यं एकत्र ऐकू येतात.

रचनेकडे नीट लक्ष द्या, कारण इथे नुसती सतार आणि सॅक्सोफोन शेजारीशेजारी बसवलेले नाहीत. रागाला कॉर्ड लावणं हे मुळातच जोखमीचं काम. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम, आणि त्यातला एक जरी रागाबाहेरचा निघाला तरी राग मोडला. काही राग या बाबतीत सोयीचे आहेत. कलावती घ्या: सा ग प ध आणि कोमल नि. यातले सा, ग, प, कोमल नि एकदम वाजवले की जॅझवाले ज्याच्यावर जगतात तो सेव्हन्थ कॉर्ड आपोआप तयार होतो. बाहेरून काहीच आणावं लागत नाही. म्हणून कलावतीत सॅक्सोफोन इतका मोकळा वाटतो. आता मालकंस घ्या. त्यात पंचमच नाही. बास वाजवणाऱ्याचा हात सवयीने सा-प, सा-प असा जातो आणि इथे प वर्ज्य. तानपुरासुद्धा आपण मध्यमाचा लावतो. मालकंस ऐकताना वरच्या सतारीपेक्षा खालच्या बासवर कान ठेवा, मग वादकांना किती सांभाळून पाय टाकावा लागतो ते जाणवेल. तोडीत तर कोमल रिषभ, कोमल गंधार आणि तीव्र मध्यम, म्हणजे नेहमीच्या कॉर्डना थाराच नाही. तरीही रेकॉर्डीची सुरुवात त्यांनी तोडीनेच केली. हे धाडस मला फार आवडतं. शेवट मात्र मैफलीच्या रिवाजाप्रमाणे भैरवीनेच.

शिवरंजनी लागला की हे कोण ते लगेच ओळखू येतं. 'बहारों फूल बरसाओ'मुळे या रागाशी शंकर-जयकिशन यांचं नातं आपल्याला माहीत आहे. पण इथे शब्द काढून घेतलेत, त्यामुळे राग आणि त्यांची स्वतःची ढब दोन्ही स्वच्छ दिसतात.

या रेकॉर्डीला कुणी आपलं म्हणावं? शास्त्रीयवाल्यांना चार मिनिटांचा मियाँमल्हार म्हणजे चेष्टा वाटणार. जॅझवाल्यांना हे फिल्मी. आणि सिनेमावाल्यांना गुणगुणायला काही नाही. पुढे तीन वर्षांनी, 1971 च्या सप्टेंबरात जयकिशन गेले आणि हा रस्ता तिथेच थांबला. आता परदेशात तिची पुन्हा छपाई झाली आहे, संग्राहक तिच्यासाठी मोठी किंमत मोजतात. पण संग्राहकांत भाव वाढणं आणि चार लोकांनी बसून ती ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दुसरी हवी आहे.

संग्राहकांवरून चरणजित सिंग यांची आठवण काढावीच लागते, पण थोडक्यात, कारण त्यांच्याबद्दल आता बरंच लिहिलं गेलंय. मुंबईच्या सिनेमाजगतातले हे वादक. 1982 मध्ये त्यांनी दहा राग इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. रोलंड कंपनीचं बासचं यंत्र त्यांनी वापरलं, त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती आणि चरणजितजींनी तिच्यातून मींड काढली. तेव्हा कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये एका डच माणसाने रेकॉर्ड पुन्हा काढली आणि पाश्चात्त्य जग चकित झालं, कारण असा आवाज शिकागोत पाच वर्षांनी आला होता. चरणजितजींना शेवटच्या वर्षांत परदेशात दाद मिळाली, 2015 मध्ये ते गेले. पण संगीत म्हणून बोलायचं तर मला 'रागा जॅझ स्टाइल' जास्त भरीव वाटते. चरणजितजींच्या रेकॉर्डीत ठेका दहाही रागांत जवळपास तसाच राहतो आणि चार-पाच रागांनंतर कान थकतात.

तिसरी 'दिल पडोसी है'. 1987. आशा भोसले, राहुलदेव बर्मन म्हणजे पंचमदा, आणि गुलजार. चौदा गाणी, दोन तबकड्यांचा संच, सिनेमाशी काही संबंध नाही. पंचमदांकडचं सिनेमाचं काम तेव्हा आटत चाललं होतं. याच साली याच तिघांचं संगीत असलेला 'इजाजत' हा सिनेमा आला. त्यातल्या 'मेरा कुछ सामान'साठी गुलजार आणि आशाताई दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिघांच्या नावापुढे 1987 म्हटलं की लोकांना तेच आठवतं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच हातांनी त्याच काळात चौदा गाण्यांचं काम उभं केलं होतं, ते त्या एका गाण्याच्या सावलीत गेलं.

इथेही जगजीतजींची गाठ पडते. 'शाम से आँख में नमी सी है' ही गुलजारांची गझल म्हटली की ऐकणाऱ्याला जगजीतजींचा 'मरासिम' हा अल्बम आठवतो. ती आशाताईंनी त्याच्या बारा वर्षं आधी 'दिल पडोसी है'मध्ये गायली आहे. दोन्ही एकापाठोपाठ एक ऐका. जगजीतजींची गझल आपल्याशी बोलते, समोर बसून. आशाताईंची स्वतःशीच बोलते, आपण मधेच खोलीत आलो तर थांबेल अशी. मला विचाराल तर या शब्दांना दुसरी तऱ्हा जास्त शोभते, पण यावर भांडायला मी केव्हाही तयार आहे.

या संचातलं 'रात क्रिसमस की थी' कुणीच लावत नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक मुलगी गिरजात आहे, बाहेर झाडांवर चंद्र आहे, एवढ्याच सामानावर एक अख्खी गोष्ट. गोष्ट सांगणारं गाणं आपल्याकडे लावणीत आहे, पोवाड्यात आहे, पण सुगम संगीतात फार थोडं. 'सातों बार बोले बंसी' आणि 'भीनी भीनी भोर' यांत पंचमदांची रागदारीशी असलेली ओळख दिसते. ती त्यांच्याकडे होती हे अनेकांना अजून पटत नाही. आशाताईंचा आवाज या चौदांत किती वेगवेगळ्या वयांचा होतो ते ओळीने ऐकलं तरच कळेल. सुटं गाणं ऐकलं तर नाही.

आणि सुटं ऐकणं हाच दुसरा घात. खण नसलेल्या रेकॉर्डीवर आधीच कुणाची नजर जात नाही, त्यात पुढे तिचे तुकडे झाले. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. कुठलं गाणं कुठे ठेवायचं याला कारणं असायची. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण आतल्या घेरात सुईखालून तेवढ्याच वेळात कमी लांबीची खाच जाते, त्यामुळे तिथे वरचे, तीव्र आवाज फाटण्याची भीती असते. म्हणून शांत गाणं शक्यतो बाजूच्या शेवटी ठेवत. पुढे कॅसेटा आल्या आणि 'निवडक', 'सुवर्ण', 'सर्वोत्कृष्ट' अशा संकलनांचा सुकाळ झाला. श्रीनिवास खळ्यांच्या 'अभंग तुकयाचे'चं असंच झालं. 'सुंदर ते ध्यान' आणि 'भेटी लागी जीवा' प्रत्येक संकलनात. 'कमोदिनी काय जाणे तो परिमळ' कितीजणांनी ऐकलंय? मोबाइलवरच्या सेवांनी तर कव्हरच काढून टाकलं. पाठीमागचा मजकूर नाही, साथीदारांची नावं नाहीत, सालाच्या जागी पुनर्प्रकाशनाचं साल. लेस्ली गोदिन्हो हे नाव तुम्हाला अशा ठिकाणी सहजी सापडणार नाही.

चौथी तबकडी मराठी माणसासाठी सगळ्यात जवळची असायला हवी: कुमार गंधर्वांची 'मला उमजलेले बालगंधर्व'. कुमारजींचं नाव काढलं की निर्गुणी भजनं, माळव्याची लोकगीतं, त्यांनी बांधलेले राग हे सगळं येतं. ही रेकॉर्ड येते ती जुन्या रसिकांच्याच बोलण्यात. नाट्यसंगीताच्या श्रोत्याला बालगंधर्वांचा आवाज, त्यांची लडिवाळ फेक हवी होती, आणि कुमारजी ती देत नाहीत. ख्यालाच्या श्रोत्याला वाटलं, हे त्यांचं फावल्या वेळचं काम.

पण हे कोण करतंय ते बघा. हा माणूस लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवायचा. त्यावरच तो बालवयात प्रसिद्ध झाला, मग देवधर मास्तरांकडे मुंबईत शिकायला गेला. नक्कल त्याला जन्मजात येत होती. अशा माणसाने बालगंधर्व गायला घ्यायचे आणि एकाही जागी नक्कल करायची नाही, हे ठरवून केलेलं आहे. 'नाथ हा माझा' ऐका. 1916 च्या 'स्वयंवर'मधलं, भास्करबुवा बखल्यांची चाल, यमन. आधी बालगंधर्वांची जुनी तबकडी ऐका. तिच्यावर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची, रंगमंचावर 'वन्समोअर' घेत तासन् तास रंगणारं गाणं त्यात कोंबलेलं. मग कुमारजी लावा. बालगंधर्वांनी शब्द कसा उचलला, लय कशी अंगावर खेळवली, एका स्वरावर किती वेळ न थांबता थांबल्यासारखं केलं, हे सगळं तिथे आहे, आणि आवाज मात्र संपूर्ण कुमारांचा. क्षयाच्या आजारानंतर एका फुप्फुसावर गाणाऱ्या माणसाचे ते छोटे, धारदार तुकडे. बालगंधर्वांचा अखंड प्रवाह याला दमश्वासाच्या हिशेबाने शक्यच नव्हता, म्हणून त्याने तोच प्रवाह तुकड्यांतून सूचित केला. गाण्यातलं इतकं बारीक समीक्षण मी लेखातसुद्धा क्वचित वाचलंय.

तुम्ही स्वतः गात असाल तर सुरुवात याच रेकॉर्डीपासून करा. वाद्याकडे ओढा असेल तर 'रागा जॅझ स्टाइल'. कवितेवर प्रेम असेल तर गालिब, अर्थ वाचून. 'दिल पडोसी है' कुणालाही चालेल, फक्त क्रम बदलू नका.

एक नाव राहिलं. 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' तुमच्याकडे नक्की असणार. त्यात शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया सगळ्यांना आठवतात. गिटार कुणाची, असं विचारलं की शांतता. ते ब्रिजभूषण काब्रा, जोधपूरचे, सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द. मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारीच्या तारांवरून पोलादी कांडी फिरवत त्यांनी सरोदचं अंग त्या वाद्यात आणलं. विश्वमोहन भट्टांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळाल्यावर ही आडवी गिटार जगाला माहीत झाली, पण वाट आधी काब्रांनी पाडली होती. त्यांच्या एकल वादनाच्या एलपी जुन्या बाजारात अजून मिळतात, आणि बहुधा कमी वाजलेल्या, चांगल्या अवस्थेतल्या मिळतात. घेताना तबकडी सपाट पृष्ठभागावर ठेवून कड उचललेली नाही ना ते बघा, दिव्याखाली धरून ओरखडे बघा, आणि घरी आल्यावर वाजवण्याआधी धुवा. लावल्यावर आधी आलाप ऐका, तबला सुरू होण्याआधीचा. कांडी एका श्रुतीवरून दुसरीवर कशी सरकते ते तिथे सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं.